लाकडाला गंज

मिस्त्रीच्या मागच्या अंगणात मालगाडी खोळंबली होती, आणि जिच्यामुळे खोळंबली होती ती बाई बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, लेकीच्या घरी, नातवंडांचे लंगोट वाळत घालत होती.

गाडी छोटी, म्हणजे खऱ्यापेक्षा छोटी. पण तिला खेळणं म्हणून बघा, मिस्त्री तुम्हाला सरळ फाटकाबाहेर काढेल. एकेक वाघीण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. फळीला फळी जोडलेली, दार खरोखर सरकणारं, ब्रेकचं चाक खरोखर फिरणारं. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे शेजारच्या लाईनमनला चांगलं ठाऊक होतं, तरी हा माणूस रोज चहाला आला की विचारायचा, आज वाघिणींना मटण घातलं का. रोज. आणि रोज स्वतःच हसायचा. शेजारी निवडता येत नाहीत, दुसरं काय.

रूळ लिंबाच्या झाडाला वळसा घालून भिंतीच्या कडेने परत यायचे. वाटेत मालधक्का होता, सिग्नलची केबिन होती, कोळशाचं कोठार होतं. सगळं मिस्त्रीच्या हातचं. आयुष्यभर लोकांची कपाटं आणि दारं केली, आता म्हातारपणी स्वतःसाठी काहीतरी करायचं म्हणून हे. आणि मालधक्क्याशेजारच्या आडव्या रुळावर नव्या वाघिणींची रांग लागलेली, सगळ्या करड्या, नुसत्या प्रायमरच्या, अंघोळ झाली पण कपडे मिळाले नाहीत अशा पोरांसारख्या उभ्या. कारण घरात नियम होता, रंगल्याशिवाय मोठ्या रुळावर जायचं नाही. नियम बायकोचा, आणि रंगही बायकोचाच.

बायको पेंटर. साधीसुधी नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारी. मिस्त्रीने तरुणपणी दुकान काढलं तेव्हा त्याची पाटी रंगवायला तीच आली होती, आणि पाटी होईपर्यंत तो शिडी धरून उभा राहिला. शिडी भक्कम होती, त्यानेच बनवलेली, धरायची काही गरज नव्हती. हे तिलाही समजत होतं. तिने पाटीला नको इतका वेळ लावला, आणि मग काय व्हायचं ते झालं. तेव्हापासून ती त्याला ‘अहो मिस्त्री’ म्हणायची आणि तो तिला ‘पेंटरबाई’.

तिची कामाची तऱ्हा मोठी विचित्र. आधी वाघीण अशी रंगवायची की नुकती कारखान्यातून आली. अक्षरं, आकडे, सगळं देखणं. मिस्त्रीला वाटायचं, बास, आता हात लावू नये. आणि मग ही बया ती बिघडवायला घ्यायची. स्पंजाने पातळ तपकिरी रंग टिपायची, काजळी फासायची, छप्पर विटवायची, आणि पुटपुटत राहायची, इथे हमालाचा हात लागणार, इथे बूट घासणार. दाराची कडी जिथे रोज धरली जाते तिथे ती चकचकीत ठेवायची. मालधक्क्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला तिने एक मळकट पट्टा काढला होता, कारण हमाल टेकून उभे राहतात ना. त्या सगळ्या पसाऱ्यात माणसाचं एकही चित्र नव्हतं, बाहुली नव्हती. मिस्त्रीने एकदा माणसं करू म्हटलं तर तिने साफ उडवून लावलं. माणसं येऊन गेली एवढं दिसलं की पुरे, म्हणाली.

आता घरही तसंच झालं होतं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, चप्पल घालताना ती जिथे हात टेकायची, तिथे तळव्याएवढा काळपट डाग होता. सगळं घर रंगवून देतो म्हणून लाईनमनचा भाचा आला, तर मिस्त्रीने त्याला सगळ्या भिंती दिल्या आणि ती एक चौकट दिली नाही. कारण विचारलं तर लाकूड चांगलं आहे म्हणाला. लाकडाचं आणि त्याचं काय, पण विचारणाऱ्याला पटलं.

ती गेली होती लेकीच्या बाळंतपणाला. काही महिने, म्हणून गेली. लेक इस्पितळात नर्स, कधी सकाळपाळी, कधी रात्रपाळी. जावई ट्रक चालवतो, महिन्यातले मोजके दिवस घरी. रजा संपली तेव्हा लेक म्हणाली, आई, अजून थोडं थांब. थोडं थोडं करता करता थोरली चालायला लागली, बोलायला लागली, आणि तेवढ्यात धाकटी झाली. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

मिस्त्री तिकडे राहायला जाऊन आला नव्हता असं नाही. पण दोन खोल्यांचं घर, रात्रपाळी करून आलेली लेक दिवसा झोपलेली, आणि हा माणूस हातात काही नसलं की टेबलाच्या पायांना ठोकून बघणार. जावयाच्या घरात किती दिवस चुळबुळ करायची? आठवड्यात परत आला. बायको मध्ये एकदा आली, तर तिचे दोन दिवस स्वयंपाकघरातले डबे घासण्यात आणि नवऱ्याला नावं ठेवण्यात गेले. रंगाच्या पेटीकडे तिने नुसतं बघितलं.

फोन रोज व्हायचा. जेवलात का, जेवलो. बाळ झोपलं का, झोपलं. गॅस बंद केला का, केला. बास. ‘कधी येतेस’ हे दोन शब्द मिस्त्रीच्या तोंडातून निघायचे नाहीत. कारण ती निघाली तेव्हा हाच मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, जा गं, मला काय धाड भरलीय. आता कोणत्या तोंडाने बोलवायचं? आणि बोलवलं, ती आली, तर तिकडे लेकीच्या नोकरीचं काय? मागावं तर लेकीच्या पोटावर पाय, न मागावं तर आपलं घर आपल्यालाच खायला उठतंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत.

पण तिची आठवण यायची हो. खोटं कशाला सांगा. वाघिणीला पॉलिशपेपर मारता मारता त्याचा हात थांबायचा आणि तो उगाच मागे वळून बघायचा, की ती तिथे एक डोळा बारीक करून उभी असेल.

अशातच त्याच्या डोक्यात ती युक्ती आली. म्हातारपणी माणसाला युक्त्या सुचू नयेत, पण सुचतात.

त्याला आठवलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी ते दोघं अशाच एका गाडीवेड्या डॉक्टरांकडे जेवायला गेले होते. डॉक्टरांनी हौसेने आपली गाडी दाखवली. त्यातल्या एका वाघिणीच्या लाकडी दारावर त्यांनी गंज रंगवला होता. लाकडावर! गंज खिळ्याला चढतो, पट्टीला चढतो, बोल्टापासून पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळतो. लाकूड फार तर करडं पडेल, काळं पडेल, गंजेल कसं? पेंटरबाईला घास गिळेना. ताटावरून दोनदा उठून ती त्या वाघिणीपाशी गेली. शेवटी न राहवून डॉक्टरांकडे ब्रश मागितला आणि त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर ते दार दुरुस्त केलं. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी येताना तो चिडला तर ती म्हणाली होती, माणसाने भलतं बोललेलं मी सहन करीन, भलता गंज नाही.

म्हणून मिस्त्रीने एक करडी वाघीण उचलली, आयुष्यात पहिल्यांदा बायकोची पेटी उघडली, आणि लाकडी दारावर गंज काढला. नुसता काढला नाही, बोल्टापासून वर चढवला, भिंतीवर वेल चढावा तसा. सोपं वाटतं का? चूक करायची म्हटलं की हात ऐकत नाही. इतकी वर्षं शेजारी बसून तिचं बघितलेलं, हात आपोआप खाली ओढायचा. त्याने दातओठ खाऊन तो वर नेला. मग वाघीण उन्हात ठेवून फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली लिहिलं, कशी झालीय?

त्याला खात्री होती की फोन वाजणार. ती ओरडणार, तुम्हाला अक्कल आहे का मिस्त्री, हात लावू नका कशालाही, मी येते. हे शेवटचे दोन शब्द त्याने मनात इतक्यांदा ऐकले होते की फोन वाजायच्या आधीच तो हसत होता.

फोन वाजला नाही. दुपारनंतर उत्तर आलं. ‘छान.’

मिस्त्रीने ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग म्हणाला, घाईत असेल, पोर कडेवर असेल, नीट बघितलं नसेल. त्याने दुसरी केली. तिचं छप्पर नव्यासारखं चकचकीत आणि खालचा भाग काजळीने बरबटलेला, म्हणजे अर्ध्या गाडीवर पाऊस पडला आणि अर्धीवर नाही. रोज हात लागणारी कडी त्याने मुद्दाम मळकी केली. उत्तर आलं, ‘हीपण छान. रंग शोभतोय.’

तिसऱ्या वेळी त्याने ते केलं जे करताना त्याला स्वतःची लाज वाटली. अक्षरं काढली. वेडीवाकडी, एक मोठं एक बारीक, ओळ उतरती. जिने अर्ध्या गावाच्या पाट्या रंगवल्या, जिची रेघ बघून लोक पट्टी लावून तपासायचे, तिच्या पेटीतल्या ब्रशने. फोटो पाठवला.

‘छान जमायला लागलंय तुम्हाला,’ असं उत्तर आलं.

त्या दिवशी लाईनमनने वाघिणींच्या मटणाचं विचारलं तेव्हा मिस्त्री त्याच्यावर असा खेकसला की तो अर्धा चहा सोडून गेला. जाताना फाटकातून म्हणाला, वहिनींना आता दोन पोरांचं करता करता तुमच्या आगगाडीकडे बघायला वेळ कुठाय? वाईट हेतूने नाही म्हणाला. पण लागायचं ते लागलं. शिवी दिली असती तर चाललं असतं, रुसली असती तर चाललं असतं. पण पेंटरबाईला चुकीचा गंज दिसेना, म्हणजे ती तिथून उठून गेली. अंगणातून गेली होती हे त्याला माहीत होतं. मनातूनही गेली हे आता कळलं.

दोन दिवस तो नुसता बसून राहिला. मग उठला. म्हणाला, ती येत नाही ना, तर आपण सगळं तिकडे न्यावं. पेटी नेऊ, ब्रश नेऊ, वाघीण नेऊ. तिथे टेबलावर बसून रंगवेल, इथे रुळावर धावेल. निदान तिचा हात तरी येईल घरात. त्याने तिसरी वाघीण टॉवेलात गुंडाळली, रंगाची पेटी घेतली, आणि सकाळची पहिली बस पकडली. कळवलं नाही.

तिने दार उघडलं तेव्हा धाकटी कडेवर होती आणि थोरली मागून तिच्या गुडघ्यांना धरून डोकावत होती. लेक सकाळपाळीला, जावई कुठे तरी रस्त्यावर. कळवायचं नाही का, एवढंच ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीच्या वजनावरून तिला आत काय आहे ते समजलं असणार, कारण तिने ती जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवली. केस अजून पांढरे झाले होते. मनगटं बारीक झाली होती. मिस्त्रीला ते बघून इतकं वाईट वाटलं की तो पाण्याचा अख्खा तांब्या उभ्यानेच प्यायला.

चहा झाला. थोरलीला खिडकीत कागद आणि खडू देऊन बसवलं. मग त्याने टॉवेल सोडला आणि वाघीण तिच्यापुढे ठेवली. तिने ओझरतं बघितलं.

“छान झालीय,” ती म्हणाली.

मिस्त्रीचा बांध फुटला. “पेंटरबाई, तोंडावर सांग. तुला दिसत नाही, की तू बघतच नाहीस?”

तिने धाकटीला त्याच्या मांडीवर दिलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. टेबलावरच्या वाघिणीकडे ढुंकून न बघता तिने बोलायला सुरुवात केली. पहिल्या वाघिणीच्या दारावरचा गंज, तोही वर चढलेला. दुसरीचं छप्पर, दुसरीची कडी, आणि त्याच दुसरीच्या उजव्या चाकावर धूळच नाही, हे तर मिस्त्रीच्याही ध्यानात आलं नव्हतं, ती चूक खरीच झाली होती. एकेक सांगत गेली, शाळेतली कविता म्हणावी तशी, कुठेही न अडखळता. तिसरीच्या अक्षरांपाशी मात्र आली आणि थांबली.

“ती अक्षरं बघून मी न्हाणीघरात जाऊन रडले,” ती म्हणाली. “नळ सोडून रडले, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“मग सांगितलं का नाहीस? मी वाटच बघत होतो.”

“सांगितलं असतं तर तुम्ही सुधारली असतीत. मग पुढची मला विचारून केली असतीत. मी इथून सांगायचं, तुम्ही तिथे रंगवायचं. सगळ्यांची सोय झाली असती. मग मी परत कशाला यायचं, मिस्त्री?”

त्याने आपली युक्ती केली होती, आणि तिने युक्ती न करता त्याला हरवलं होतं. तो हसला, मग त्याला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मांडीवरची धाकटी त्याच्या हलणाऱ्या पोटाकडे टकामका बघत होती.

जरा सावरल्यावर त्याने रंगाची पेटी पिशवीतून काढून तिच्यापुढे सरकवली. सगळे ब्रश आणलेत, म्हणाला, टर्पेंटाइनही आणलंय, बस इथेच आणि ही अक्षरं नीट कर, माझ्यानेही बघवत नाहीत. तिचा हात पेटीकडे गेला. झाकणावर बोटं ठेवली, कडेकडेने फिरवली. मिस्त्रीला वाटलं, आता उघडते. तिने दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि परत त्याच्यासमोर ठेवली.

“इथे नाही उघडायची,” ती म्हणाली. “इथे ही उघडली ना, की मी इथली झाले. माझी पेटी तिथे आहे म्हणून मी अजून तिथली आहे. परत घेऊन जा.”

“पण कधी येशील?” शेवटी निघालंच ते तोंडातून. इतकी वर्षं अडकलेलं, आणि निघालं तेव्हा अगदी साधं निघालं, बसची वेळ विचारावी तसं.

तिने सांगितलं, धाकटीला शाळेत जाऊ दे. मिस्त्रीने मांडीवर बघितलं. धाकटीला अजून दात यायचे होते.

“मला यायचंय हो,” ती हळूच म्हणाली. “रोज यायचंय. पण हिच्या आईसमोर एक शब्द बोलू नका. तिला कळलं तर ती मला आजच्या आज बसमध्ये बसवेल, आणि नोकरी सोडून घरी बसेल. तिने किती कष्टाने मिळवलीय ती.”

बोलू नको म्हटल्यावर बोलणाऱ्यातला तो नव्हता. त्याने मान हलवली. मग तिने त्याला जेवायला वाढलं, आणि तो जेवत असताना ती एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघत राहिली. कॉलर फाटलीय, म्हणाली. त्याने शर्ट काढून दिला. तिने तो शिवून दिला, आणि शिवताना तिने सुई-दोऱ्याला इतका वेळ लावला की तेवढ्यात दहा कॉलर शिवून झाल्या असत्या. त्याने घाई केली नाही.

दुपारी लेक आली. पाय सुजलेले, तोंडावर थकवा, पण बापाला बघून चेहरा असा उजळला की मिस्त्रीला आपण चोर आहोत असं वाटलं. तिने पर्स टाकली, धाकटीला उचलून तिच्या पोटात तोंड खुपसलं, आणि तिथूनच बोलायला लागली. आईमुळे घर उभं आहे बाबा, परवा तर थोरली मला म्हणाली तू जा कामाला, आम्हाला आजी आहे. मग खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि टेबलावरची पेटी तिला दिसली.

“अय्या, आईची पेटी आणलीत? बरं झालं. आता हिला इथे काही म्हणता काही कमी नाही.” मग आवाज खाली आणून, जराशी भीत, तिने बापाला विचारलं, “खरं सांगा बाबा, आई रमलीय ना इथे? मला कधीकधी वाटतं, माझ्यासाठी ओढून-ताणून राहतेय.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मिस्त्रीने तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. आयुष्यात खोटं काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि गेल्या महिन्यात मुद्दाम केलेली सगळी खोटी कामं पकडली गेली होती. हे पकडलं जाऊन चालणार नव्हतं. लेकीचे ते थकलेले डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते.

“रमलीय गं,” तो म्हणाला. “चांगली रमलीय. वेडी आहेस का, तिला तिकडे करमणारही नाही आता.”

लेकीने एवढा मोठा श्वास सोडला. तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं ते त्याला स्पष्ट दिसलं, आणि ते आता कुणाच्या खांद्यावर गेलं हेही दिसलं. आत नळ सुरू झाला. बराच वेळ सुरू राहिला.

मिस्त्रीने शर्ट घातला, टॉवेलात वाघीण गुंडाळली आणि पेटी काखेत मारली.

“अहो बाबा, पेटी परत कुठे नेताय?” लेक म्हणाली. “आईसाठीच आणलीत ना?”

“नाही,” तो म्हणाला. “ही घरी लागते.”